कान वाहतो, नाक बसते, तोंड वाकडे होते : तक्रारी तीन, आजार एक

नागपूरच्या माणसाला दुखण्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. नाकातून रक्त आले की ऊन बाधले. लघवी लाल झाली की उन्हाळी लागली. कानाला दडे बसले की सर्दी उतरली. आणि सकाळी उठून आरशात पाहावे तो तोंड वाकडे, मग रात्रभर अंगावर घेतलेला कूलरचा वारा आहेच. अशा घरगुती निदानांपैकी काही बरोबरही निघतात आणि बरेचसे दुखणे आठ-पंधरा दिवसांत आपोआप जाते. पण ही सगळी दुखणी पाच-सहा महिन्यांत एकाच माणसाला झाली तर?

वाचकहो, सदरमधल्या दवाखान्यात बसून हे सदर लिहिताना मी शक्यतो नेहमीच्या आजारांविषयी लिहितो. आजचा आजार दुर्मिळ आहे. तरीही तो निवडला, त्याला दोन कारणे आहेत. आजार दुर्मिळ असला तरी त्याची लक्षणे घरोघरची आहेत, म्हणून तो ओळखू येत नाही. दुसरे कारण असे की या आजाराने एकदा मला स्वतःला चकवले आहे.

सावनेरकडच्या बाई

२०१५ च्या नोव्हेंबर महिन्यात सावनेर तालुक्यातील एका खेड्यातून चव्वेचाळीस वर्षांच्या एक बाई यजमानांबरोबर माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) घरी संत्र्याची छोटी बाग, सासूबाई आणि लग्नाला आलेली मुलगी. तक्रार एवढीच, की उजव्या कानाला दडे बसले आहेत. कान पाहिला. पडद्यामागे पाणी साचलेले दिसले. मोठ्या माणसाच्या एकाच कानात असे पाणी आढळले, तर नाकाच्या मागचा भाग दुर्बिणीने पाहावा, असा आमच्या शास्त्राचा जुना नियम आहे. त्या दिवशी बाहेर बाकावर गर्दी होती. मी सर्दीच्या गोळ्या आणि नाकात घालायचे थेंब लिहून दिले, पंधरा दिवसांनी बोलावले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. बाई पुन्हा आल्या नाहीत.

त्या आल्या एकदम २०१६ च्या मे महिन्यात, भर उन्हात, तोंडाला पदर लावून.

"काय सांगू जी डॉक्टरसाहेब, दोन्ही कान वाहून रायले, ऐकू येत नाही, अन् आता तोंडच वाकडं झालं," असे म्हणून त्यांनी पदर काढला. चेहऱ्याची उजवी बाजू सैल पडलेली, उजवा डोळा मिटत नव्हता, तो लाल झाला होता. पण माझी नजर गेली ती नाकाकडे. नोव्हेंबरात सरळ असलेले नाक मध्यभागी खोगिरासारखे खचले होते.

मधल्या सहा महिन्यांत बाई चार दारे फिरून आल्या होत्या. नाकातून रक्ताळलेल्या खपल्या पडत, तेव्हा कोणी उन्हाचे कारण सांगितले. खोकला सुरू झाला, छातीच्या फोटोत डाग दिसले. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी क्षयाची औषधे सुरू झाली होती आणि ती घेऊन महिना उलटला तरी उतार नव्हता. सांधे दुखत होते, ते वयाच्या नावावर गेले. तोंड वाकडे झाले, ते कूलरच्या नावावर. आणि नाक बसल्यावर गावाने आपले निदान केले : महारोग. सासूबाईंनी बाईंचे ताट आणि पेला वेगळा केला होता. मुलीसाठी आलेले एक स्थळ परत गेले होते.

मी टेबलावरचा एक कोरा कागद घेतला आणि त्यावर तारीखवार लिहीत गेलो. नोव्हेंबर, कान. फेब्रुवारी, नाक. मार्च, सांधे. एप्रिल, छाती. मे, चेहरा. शेवटी विचारले, "लघवी कशी होते?" बाई म्हणाल्या, "लालसर होते जी, पण ते उन्हाळीनं." त्याच दिवशी लघवी तपासली. त्यात प्रथिने होती आणि लाल रक्तपेशी होत्या. मूत्रपिंडही ओढले गेले होते.

चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्यांवर जे चार वेगवेगळे आजार होते, ते एका कागदावर आल्याबरोबर एकच आजार झाले. आजच्या लेखात सांगायचे ते मुख्यतः एवढेच.

हा आजार आहे तरी काय?

या आजाराचे नाव जरा लांबलचक आहे : ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. डॉक्टर मंडळी थोडक्यात त्याला जीपीए म्हणतात. पूर्वी त्याला वेगनर नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखत. वेगनरने १९३६ आणि १९३९ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. त्याच्याही आधी १८९७ साली पीटर मॅकब्राइड या कान-नाक-घसा तज्ज्ञाने नाक झपाट्याने नष्ट होणारा एक रुग्ण नोंदवून ठेवला होता. वेगनरचे नाझी पक्षाशी असलेले संबंध पुढे उजेडात आले आणि २०११ साली जागतिक पातळीवरील वैद्यकीय संघटनांनी आजाराचे नाव बदलले. जुन्या कागदपत्रांत मात्र "वेगनर्स" असा उल्लेख अजून सापडतो, म्हणून हे सांगितले.

मराठीत एक म्हण आहे : कुंपणच शेत खाते. या आजारात तेच घडते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे कुंपण. बाहेरून येणाऱ्या जंतूंना अडवणे हे त्यांचे काम. या आजारात शरीर आपल्याच पांढऱ्या पेशींतील एका द्रव्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. या प्रतिद्रव्यांना "अँका" असे नाव आहे. त्यांनी डिवचलेल्या पांढऱ्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि जंतू मारण्यासाठी साठवलेली आपली तीव्र रसायने तिथेच सोडतात. रक्तवाहिनीची भिंत सुजते, फुटते किंवा आतून बंद होते. तिच्यावर पोसलेला भाग उपाशी मरतो. शरीरात बारीक रक्तवाहिन्यांची जाळी नाक, कान, फुफ्फुस आणि मूत्रपिंड येथे दाट असते, आणि या आजाराचा मारा मुख्यतः तिथेच असतो.

हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने, खोकल्याने तो दुसऱ्याला होत नाही. पुरुष व स्त्रिया दोघांनाही होतो. कोणत्याही वयात होऊ शकतो, पण चाळिशी-साठीच्या दरम्यान अधिक आढळतो.

सुरुवात बहुधा नाकापासून

दहापैकी जवळजवळ नऊ रुग्णांत केव्हा ना केव्हा कान, नाक किंवा घशाची तक्रार असतेच, आणि बऱ्याच जणांत तीच पहिली असते. नाक सतत चोंदलेले, आत जाड खपल्या, त्या काढल्या की रक्त, पुन्हा खपल्या. साध्या सर्दीत नाक वाहते आणि आठवडाभरात मोकळे होते. इथे महिने जातात, प्रतिजैविकांचे दोन-तीन कोर्स होतात आणि खपल्या काही थांबत नाहीत. कधी दुर्गंधी येते, वास कळेनासा होतो.

नाक बसते ते कसे, हे समजून घेतले पाहिजे. नाकाच्या दोन पुड्यांमधला पडदा पुढच्या भागात कूर्चेचा असतो. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या नाजूक अस्तरातून तिला पोषण मिळते. अस्तरातल्या वाहिन्या बंद पडल्या की कूर्चा सुकते, पडद्याला भोक पडते, आणि मधला खांब काढून घेतल्यावर छप्पर खचावे तसा नाकाचा दांडा खाली बसतो.

याच आजारात काहींच्या हिरड्या लालभडक आणि दाणेदार होतात. काहींचा आवाज बसतो, श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. हे शेवटचे लक्षण दिसल्यास वाट पाहू नये. स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिका अरुंद होत असल्याची ती खूण असू शकते. रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

कान : सर्दीचे पाणी की आणखी काही?

नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. कानातील हवेचा दाब सांभाळणे हे तिचे काम. नाकाच्या मागची सूज या नळीचे तोंड बंद करते आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साचते. माझ्या बाईंच्या कानात नोव्हेंबरात मी पाहिले ते हेच. पुढे मधल्या कानाचे अस्तरही सुजते, पडद्याला भोक पडते, कान वाहू लागतो. असा कान नेहमीच्या थेंबांनी कोरडा होत नाही. पडद्यात नळी बसवूनही ऐकू येणे सुधारत नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आतल्या कानाला होणारी इजा. ऐकण्याच्या नाजूक पेशी आणि नस यांना रक्त पोहोचत नाही, आणि काही आठवड्यांतच बहिरेपण वाढत जाते. आधी एक कान, मग दुसरा. सोबत कानात गुणगुण, कधी चक्कर. वयाने येणारे बहिरेपण वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. आठवड्या-आठवड्याला वाढणारे बहिरेपण वयाच्या खात्यावर टाकू नये. योग्य औषध लवकर मिळाले तर यातील बराचसा भाग परत मिळू शकतो. उशीर झाला तर जे गेले ते गेले.

चेहऱ्याची नस कानातून जाते

"कान वाहण्याचा आणि तोंड वाकडे होण्याचा काय संबंध?" असे बाईंच्या यजमानांनी मला विचारले. प्रश्न रास्त होता.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत. त्यांतील सातवी ही चेहऱ्याची. कपाळाला आठ्या घालणे, डोळा मिटणे, हसणे, फुंकर मारणे ही सगळी कामे तिची. ही नस मेंदूकडून चेहऱ्याकडे सरळ जात नाही. ती कानाच्या हाडात शिरते, मधल्या कानाच्या भिंतीलगत वळसा घेते आणि कानाच्या पाळीखालून बाहेर पडते. हाडातल्या या बोगद्याला सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ फॅलोपियस याचे नाव आहे. स्त्रियांच्या गर्भाशयाच्या नळीला ज्याचे नाव आहे, तोच हा गृहस्थ. बोगदा इतका अरुंद की नस थोडी सुजली तरी तिला पसरायला जागा नाही. शिवाय अनेक माणसांत मधल्या कानाच्या बाजूची या बोगद्याची हाडाची भिंत जन्मतःच जागोजागी अपुरी असते, आणि कानातली सूज तिथून थेट नसेला भिडते.

या आजारात नसेवर दुहेरी संकट येते. एकीकडे मधल्या कानातील सूज तिला दाबते आणि दुसरीकडे नसेला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्याच सुजून बंद होतात. या गटातील आजारांमुळे ज्यांचे कान बिघडले, अशा रुग्णांचा जपानमध्ये देशभरातून अभ्यास झाला. त्यात सुमारे तिघांपैकी एकाला चेहऱ्याचा लकवा झालेला आढळला. काही रुग्णांत कानामागून सुरू झालेली सूज मेंदूच्या आवरणापर्यंत जाते आणि असह्य डोकेदुखी सुरू होते.

प्रत्येक वाकडे तोंड म्हणजे हा आजार नव्हे

आता घाबरून जाऊ नका. अचानक तोंड वाकडे होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण वेगळेच आहे. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. तो एक-दोन, फार तर तीन दिवसांत पूर्ण दिसू लागतो, कान वाहत नाही, ऐकू नीट येते आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरे होतात. पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यास गुण चांगला येतो. म्हणून तिथेही वेळ दवडू नये. तोंडासोबत हात-पाय लुळे पडले, बोलणे अडखळले, किंवा तोंड वाकडे असूनही कपाळाला दोन्हीकडे सारख्या आठ्या पडत असल्या, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. मग घड्याळाकडे पाहूनच धावपळ केली पाहिजे.

मात्र पुढीलपैकी काहीही असेल तर "बेल्स पाल्सी" म्हणून स्वस्थ बसू नये : सोबत कान वाहत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तोंड एकदम न होता आठवड्या-आठवड्याने वाकडे होत असेल, दोन्ही बाजूंना झाले असेल, पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा तीन-चार महिन्यांत जराही सुधारणा नसेल.

वाहता कान आणि वाकडे तोंड एकत्र दिसले, तर इतरही आजार तपासावे लागतात. हाड कुरतडणारा कानाचा जुना रोग, मधुमेही माणसाच्या कानाच्या हाडातील तीव्र जंतुदोष आणि कानाचा क्षय हे त्यांतले मुख्य. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपूरकरांनी काळी बुरशी पाहिली. तिच्यातही नाकात काळ्या खपल्या आणि चेहऱ्याचा लकवा दिसे. पण ती दिवसांत पसरते आणि तिथे तातडीची शस्त्रक्रिया लागते. म्हणजे दिसायला सारखे, उपचार मात्र एकदम वेगळे. कोणत्याही एका आजाराचे औषध दुसऱ्यात घातक ठरू शकते.

क्षय आणि महारोग : आपल्याकडची दोन चकवणारी वळणे

आपल्या भागात क्षय फार आढळतो. छातीच्या फोटोत डाग किंवा पोकळी दिसली की डॉक्टरच्या मनात आधी क्षय येतो, आणि ते योग्यच आहे. जीपीएमध्येही फुफ्फुसात गाठी आणि पोकळ्या होतात. तुकडा तपासला तर दोन्हीकडे ग्रॅन्युलोमा नावाच्या दाणेदार गाठी दिसतात. म्हणून चूक होते. क्षयाची शंका घेण्यात चूक नाही. जंतू सापडले नाहीत आणि औषधांना दाद नाही, तरी मागे वळून न पाहणे ही चूक आहे. पण हा लेख वाचून कोणी आपल्या मनाने क्षयाची औषधे बंद करू नयेत. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. तुम्ही फक्त विचारावे : "डॉक्टरसाहेब, जंतू सापडला होता का?"

दुसरे वळण महारोगाचे, म्हणजे कुष्ठरोगाचे. दत्तपूर आणि आनंदवन ज्या विदर्भात उभे राहिले, तिथे बसलेले नाक पाहून लोकांच्या मनात काय येते हे सांगायला नको. कुष्ठरोगात नाक बसू शकते, चेहऱ्याची नसही बिघडते, डोळा मिटत नाही. पण तिथे त्वचेवर बधिर चट्टे असतात, हातापायांच्या नसा जाड होतात. कान वाहत नाही आणि असे झपाट्याचे बहिरेपण येत नाही. बाईंच्या सासूबाईंना मी दवाखान्यात बोलावून घेतले आणि सांगितले, "आजी, सुनेला महारोग नाही. आणि असता तरी आज तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. ताट वेगळे करायचे कारण तेव्हाही नव्हते." म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मले कोनी सांगतलंच नाही जी."

तपासण्या कोणत्या?

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे लघवीची. या आजारात मूत्रपिंड दुखत नाही, सूज येत नाही, आणि तरी आतून खराब होत असते. लघवीतील प्रथिने आणि लाल पेशी हीच पहिली चाहूल. तिच्याबरोबर रक्तातील क्रिएटिनिन. त्यानंतर अँकाची रक्ततपासणी. अँका आणि हा आजार यांचा संबंध १९८५ साली नेदरलंड्स व डेन्मार्कमधील संशोधकांनी दाखवून दिला आणि निदानाला मोठीच मदत झाली. पण एकट्या अँकावर निकाल देता येत नाही. आजार केवळ नाक-कानापुरता असेल तर अँका नकारात्मक येऊ शकते, आणि क्षयासारख्या आजारात क्वचित होकारार्थी येते.

म्हणून तुकडा काढून तपासावा लागतो. नाकातील तुकडा काढणे सोपे, पण त्यात हव्या त्या तिन्ही खुणा, म्हणजे वाहिनीची सूज, ग्रॅन्युलोमा आणि मेलेले पेशीजाल, एकत्र सापडणे कमीच. एका तुकड्यात काही निघाले नाही म्हणून आजार नाही असे ठरत नाही. कधी दुसऱ्यांदा, कधी मूत्रपिंडाचा किंवा फुफ्फुसाचा तुकडा घ्यावा लागतो. सोबत सायनस, कान आणि छातीचा सी.टी. स्कॅन व श्रवणचाचणी. शेवटी हे सगळे एकत्र ठेवूनच निदान होते.

एकेकाळी पाच महिने

१९५८ साली वॉल्टन नावाच्या डॉक्टरने त्या काळापर्यंतच्या रुग्णांचा हिशेब मांडला. शरीरभर पसरलेल्या आजारात रुग्ण सरासरी पाच महिने जगत, आणि शंभरातील ब्याऐंशी वर्षाच्या आत दगावत. पुढे अमेरिकेत डॉ. अँथनी फाउची (कोरोनाच्या काळात जगभर नाव झालेले, तेच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायक्लोफॉस्फामाइड व स्टेरॉइड यांची जोडी वापरली. १९८३ साली त्यांनी ८५ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरी ९३ रुग्णांत आजार पूर्ण शमला होता. २०१० साली रिटुक्सिमॅब हे औषध सायक्लोफॉस्फामाइडइतकेच गुणकारी असल्याचे सिद्ध झाले. आज सौम्य आजारात मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्याही चालतात. आजार शमल्यानंतरही त्याला दाबून ठेवणारे औषध पुढे काही वर्षे घ्यावे लागते, कारण तो उलटण्याची खोड असलेला आजार आहे.

ही औषधे जोरदार आहेत. ती प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून आधी क्षय व कावीळ 'ब' यांची तपासणी होते आणि ताप आला तर अंगावर काढता येत नाही. सायक्लोफॉस्फामाइड चालू असताना मूत्राशयातून रक्त येऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यावे लागते. मूल हवे असलेल्या तरुण रुग्णांनी औषधापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. स्टेरॉइडने वजन, साखर, रक्तदाब वाढतो. तरी ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. संधिवाततज्ज्ञ, मूत्रपिंडतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ असे तिघे मिळून हा आजार सांभाळतात. खर्चाचा प्रश्न असतोच. शासकीय रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन योजनांविषयी जरूर विचारावे.

नसेवरचा दाब कमी करण्यासाठी कानाची शस्त्रक्रिया सहसा लागत नाही; आजार शमला की बरेचदा चेहरा आपोआप सावरतो. नाक सरळ करण्याची घाई तर मुळीच करू नये. आजार पुरता शांत झाल्यावरच ती शस्त्रक्रिया टिकते.

घरी घ्यायची काळजी

डोळा मिटत नसेल तर सर्वांत आधी डोळा वाचवावा. दिवसा डॉक्टरांनी दिलेले ओलावा ठेवणारे थेंब, बाहेर जाताना चष्मा, रात्री मलम घालून पापणी हलकेच चिकटपट्टीने बंद करावी. नाहीतर बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होते आणि चेहरा सुधारला तरी नजर जाते. नाकातील खपल्या नखाने काढू नयेत. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने दिवसातून दोन वेळा नाक धुवावे. वाहत्या कानात तेल, लसणाचा रस असले काही घालू नये आणि आंघोळीच्या वेळी पाणी जाऊ देऊ नये.

बाईंचे पुढे काय झाले?

बाईंना त्याच आठवड्यात दाखल केले. शिरेतून स्टेरॉइड, मग रिटुक्सिमॅब. तीन महिन्यांत चेहरा जवळजवळ सरळ झाला, डोळा मिटू लागला. मूत्रपिंडे सावरली. उजवा कान बराचसा परत आला. डाव्याने मात्र साथ सोडली, तिथे श्रवणयंत्र लागले. तो कान मी नोव्हेंबरातच नीट तपासणी केली असती तर वाचला असता का? त्याचे उत्तर मला कोणी देऊ शकत नाही. तेव्हापासून मोठ्या माणसाच्या कानात पाणी दिसले की बाहेर कितीही गर्दी असो, नाकाची दुर्बीण बाहेर निघते.

निघताना मी बाईंना एक शंभर पानी वही दिली आणि सांगितले, "जे होईल ते तारखेसह यात लिहा. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही वही आधी पुढे करा." २०१८ साली त्या वही घेऊन आल्या. दोन आठवड्यांपासून नाकात पुन्हा खपल्या, सांधे पुन्हा दुखतात, असे मुलीच्या अक्षरात लिहिले होते. लघवी तपासली, पेशी होत्या. आजार उलटला होता, पण या वेळी तो दारातच सापडला. औषध वाढवले आणि महिनाभरात शांत झाला. पुढे मुलीचे लग्नही झाले. नाक अजून तसेच आहे. शस्त्रक्रियेविषयी विचारले तर हसून म्हणतात, "राहू द्या न जी, आता पदर लागत नाही."

हे लक्षात ठेवा

१. नाकातील खपल्या व रक्त तीन-चार आठवड्यांत थांबले नाही, तर उन्हाला दोष देणे थांबवून नाक तपासून घ्यावे.
२. मोठ्या वयात कानाला नव्याने दडे बसले, कान वाहू लागला किंवा आठवड्यागणिक ऐकू कमी येऊ लागले, तर कानासोबत नाकही दाखवावे.
३. कानाच्या तक्रारीबरोबर तोंड वाकडे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.
४. नाक, कान, सांधे, डोळे, खोकला यांपैकी दोन-तीन तक्रारी एकाच वर्षात आल्या, तर लघवीची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल जपून ठेवावा.
५. प्रत्येक डॉक्टरला फक्त त्याच्या खात्यातली तक्रार सांगू नका. आम्ही कानवाले कानच पाहतो, छातीवाले छाती. सगळ्या तक्रारी तारखेसह एकाच कागदावर लिहून तो कागद पुढे ठेवावा. आमची घाई असली तरी तुम्ही घाई करू नये.